बुधवारची गोष्ट घरी न्यायची

बुधवारची दुपार होती. शाळेच्या भिंतीवरच्या घड्याळात बरोबर तीन वाजले आणि गिरजामाय सभेतून मधेच उठून उभी राहिली. तिथून हे सगळं सुरू झालं. वेळ एवढी पक्की सांगते कारण माझं लक्ष घड्याळाकडेच होतं. घरी दानी निजलेला होता आणि तीनला तो उठतो. तान्ह्या लेकराची आई सभेत बसली तरी तिचं अर्धं मन घड्याळात असतं.

अशा किस्स्यांचं एक वाईट आहे. एक सांगायला तोंड उघडावं तर मागून दुसरा येऊन पदर ओढतो, माझं काय म्हणतो. मागं वसमतला बहिणीकडे गेले होते. शेजारणी म्हणाल्या, तुमच्या वस्तीचा एखादा किस्सा सांगा. चुलीवरचं वरण करपलं, तरी आमचं आटपेना. तेव्हाच ठरवलं की एकदा लिहून काढावं. शिक्षण माझं सातवीपर्यंत. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर आमची वस्ती हिंगोलीपासून दीड कोसावर, सेनगावच्या वाटेला, गावाच्या जरा बाहेर. माझे मालक तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर, म्हणून मी सगळ्यांची मास्तरीणबाई. वस्ती आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. धर्म बदलला होता, पण गावची विहीर काही आमच्यासाठी बदलली नव्हती. तिच्या पायऱ्या आम्हाला चढता येत नसत. उन्हाळ्यात ओढ्यात झिरे खणायचे, वाटीवाटीनं गढूळ पाणी भरायचं, फडक्यानं गाळायचं आणि प्यायचं. त्या एप्रिलात दानीला हगवण लागली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तो वाचवला, पण मला स्पष्ट बजावलं, "बाई, पुढच्या उन्हाळ्यात हेच पाणी पाजाल तर मी काही करू शकणार नाही."

म्हणजे वस्तीला स्वतःची विहीर पाहिजे होती, आणि ती पुढच्या उन्हाळ्याच्या आत. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आता त्या बुधवारचं. दर बुधवारी हिंगोलीहून राहेलबाई छत्री घेऊन चालत येत. त्या मिशनच्या बायबलबाई. शाळेत आम्हा बायकांना शुभवर्तमानातली एक गोष्ट सांगत, एक गीत म्हणत आणि ऊन उतरलं की परत जात. त्या दिवशी गोष्ट होती खडकावर घर बांधणाऱ्याची आणि वाळूवर घर बांधणाऱ्याची. गिरजामाय ही आमच्यातली सगळ्यात म्हातारी, विधवा, शेळ्या राखणारी. ती उठून म्हणाली, "बाई, ही गोष्ट तुमी गेल्या साली बी सांगितली. त्याच्या आदल्या साली बी सांगितली. आमी ऐकून राहिलो. पण ऐकून म्या घरी जाऊन करू काय?"

राहेलबाई जरा गोंधळल्या. मग त्यांनी पुस्तक उघडून तोच भाग पुन्हा मनात वाचला आणि त्यांना हसू आलं. "गिरजामाय, वाळूवर घर कोण बांधतो म्हणून लिहिलंय? जो ऐकतो आणि करत नाही तो. म्हणजे मीच तुम्हाला दर बुधवारी वाळू वाटत होते."

मग नेम ठरला. बुधवारची गोष्ट घरी न्यायची. आठवडाभर वापरायची. पुढच्या बुधवारी उभं राहून सांगायचं, काय झालं. ज्यानं वापरली नाही त्यानं त्या दिवशी गीत सुरू करायचं, आणि आमच्यातल्या निम्म्यांना सूर नव्हता.

मी विचारलं, "बाई, गोष्टीनं विहीर येईल का?"

गिरजामाय म्हणाली, "आधी वापरून तर बघ. आत्तापासून काहून रडून राहिली?"

*

पहिलीच गोष्ट मला चांगली महागात पडली. दान गुप्तपणे करावं, उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, असा तो उपदेश.

दोन दिवसांनी पहाटे दार उघडलं, तर उंबऱ्यावर पाच लिंबं. पिवळी, गोल, एका ओळीत मांडलेली.

आता मी ख्रिस्ती बाई. करणीवर माझा काडीचा विश्वास नाही. पण लेकरू माझं होतं. नुकतंच दुखण्यातून उठलेलं. मी किंचाळले. मास्तर धावत आले. त्यांनी प्रार्थना केली, आणि मी प्रार्थना चालू असतानाच एकेक लिंबू पायातल्या वहाणेनं ठेचलं, केरसुणीनं लोटत ओढ्यापर्यंत नेलं आणि पलीकडे फेकलं. बघायला अर्धी वस्ती जमली. कोणी म्हणालं गावातल्या वरच्या आळीचं काम, कोणी म्हणालं अमावास्या जवळ आली.

गर्दीत आमच्या शेजारची सुंदरा होती. नवी लग्न होऊन आलेली पोर, तोंडात जीभ आहे की नाही असं वाटावं इतकी गरीब. ती पदरात तोंड खुपसून रडत होती. मला वाटलं, किती जीव आहे हिचा दानीवर.

बुधवारी तिची सांगायची पाळी आली, तर बोलेचना. राहेलबाईंनी पाठीवरून हात फिरवला, तेव्हा हुंदके देत म्हणाली, "म्या कसं सांगू? सांगितलं तर डाव्या हाताला कळतंय. हगवणीवर सरबत चांगलं म्हणून म्या माहेरून लिंबं आणली होती. मास्तरीणबाईनं माझी सगळी लिंबं वहाणेनं मारली."

मी उठून तिला मिठी मारली. राहेलबाई म्हणाल्या, "आता नेमाला पोटनेम. गुप्त दान करायचं, पण लिंबाचं नाही."

*

सुंदराची सासू कोंडाबाई. ती सभेला यायची नाही. तिचं म्हणणं, गोष्टी ऐकायला लेकरं असतात. पण एका बुधवारी ती कमरेला पदर खोचून थेट शाळेत शिरली.

झालं असं होतं. झिऱ्यावर पाण्यासाठी पाळी लागते. सुंदरानं आपली पाळी एका बाळंतिणीला दिली आणि स्वतः रिकामी कळशी घेऊन घरी आली. कोंडाबाईनं तिच्या एक थोबाडीत दिली. सुंदरानं हळूच मान वळवली आणि दुसरा गाल पुढं केला.

"बाई," कोंडाबाई राहेलबाईंना म्हणाली, "हिला दुसरी कोणती तरी गोष्ट शिकवा. भांडली असती तर म्या भांडले असते. रडली असती तर गप बसले असते. ही गाल पुढं करून राहिली. माझा हात तसाच वर ऱ्हायला. दारातून लोक बघून राहिले. खाली कसा घ्यावा ते कळंना."

"मग काय केलंत?"

"काय करते? शिंक्यावरची भाकर काढली अन् तिला दिली. हात वर गेलाच होता."

आम्ही बायका तोंड दाबून हसलो. राहेलबाई म्हणाल्या, "बसा कोंडाबाई." ती म्हणाली, "म्या बसायला आले न्हाई," आणि बसली. त्यानंतर एकही बुधवार तिनं चुकवला नाही. प्रत्येक वेळी तक्रार करायला म्हणूनच यायची. हात मात्र पुन्हा उठला नाही.

एकदा तिनं विचारलं, "ह्या सगळ्या गोष्टी सुनांच्या सोयीच्या. सासवांची एखादी गोष्ट न्हाई का तुमच्या पुस्तकात?"

"आहे ना. पेत्राच्या सासूची. ती तापानं पडली होती. प्रभूनं तिचा हात धरला, ताप उतरला, आणि ती उठून सगळ्यांना वाढू लागली."

कोंडाबाईनं गोष्ट तोंडातल्या तोंडात पुन्हा घोळवली. मग म्हणाली, "म्हंजे ताप उतरला की लगीच कामाला. सासवांचं तिथं बी तेच."

*

मे महिन्यात, ज्या दिवसांत एका घागरीवर घर चालवायचं असतं, त्या दिवसांत राहेलबाईंनी गोष्ट काढली पाय धुण्याची. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तुम्हीही एकमेकांचे धुवा.

"बाई," गिरजामाय म्हणाली, "तोंड धुवायला पाणी न्हाई अन् पाय धुवायचे?"

पण नेम तो नेम. एक परात घेतली, एक तांब्या पाणी घेतलं. पहिलीचे पाय दुसरीनं धुतले, परातीतलं पाणी पुन्हा तांब्यात, दुसरीचे तिसरीनं. गिरजामाय शेवटी बसली. म्हणाली, "माझे पाय शेळ्यांमागं फिरणारे. माझ्यानंतर त्याला पाणी कोणी म्हणायचं न्हाई." शेवटी ते शाळेसमोरच्या वांग्यांना घातलं.

घरी गेल्यावर मी मास्तरांना गोष्ट सांगितली. म्हटलं, पुस्तकात 'एकमेकांचे' असं लिहिलंय, फक्त बायकांनी असं लिहिलेलं नाही. मास्तर शब्दाला फार जपणारे. त्यांनी पुस्तक काढून वाचलं, मिटलं, डाळ धुतलेलं पाणी परातीत घेतलं आणि माझ्यासमोर बसले. मी संकोचून पाय मागं घेत होते आणि ते म्हणत होते, "पेत्रसुद्धा असाच मागं घेत होता."

नेमकी कोंडाबाई विस्तव मागायला आली. दारात उभी राहिली, बघितलं आणि विस्तव न घेताच परत गेली. दिवस मावळायच्या आत सगळ्या वस्तीत झालं, मास्तर बायकोचे पाय धुवून राहिला.

दुसऱ्या दिवशी मला बाहेर पडायची लाज वाटत होती. पण बुधवारी बायकांनी एकमतानं मागणी केली, की मास्तरांनी आमच्या मालकांची एक वेगळी सभा घ्यावी. कोणत्या विषयावर, राहेलबाईंनी विचारलं. सुंदरा, तीच गरीब सुंदरा, म्हणाली, "विषय ठरलेला हाय. मास्तरांनी फक्त परात घेऊन यावं."

*

पावसाळा गेला. ओढ्याला पाणी होतं म्हणून वस्ती विहिरीचं विसरली. मी विसरले नाही. मास्तरांनी तहसिलीत अर्ज दिला होता, उत्तर एकच येई, चौकशी चालू आहे. पाण्याचे दिवस भराभर सरत होते आणि मी रोज दानीच्या पोटाला हात लावून बघत होते.

तुरी भरात आल्या तेव्हा गोष्ट आली हरवलेल्या मेंढराची. नव्व्याण्णव रानात सोडून एकाच्या शोधात गेलेला मेंढपाळ. गिरजामायनं छाती पुढं काढली. "ही माझी गोष्ट हाय. ही कोणी घ्यायची न्हाई."

आणि त्याच आठवड्यात तिची एक शेळी खरंच चुकली. एरवी ती उरलेल्या घरी बांधून मग गेली असती. पण गोष्ट वापरायची होती. शेळ्या रानात तशाच सोडल्या आणि गेली. काट्याकुट्यात दिवसभर हिंडली. बाभळीच्या जाळीत अडकलेली शेळी सापडली, तर तिला खांद्यावर घेतली आणि पुस्तकातल्यासारखी वस्तीत येऊन हाका मारू लागली, "या गं, आनंद करा, माझी हरवलेली सापडली."

आम्ही आनंद करायला जमलो, तर गावातून निरोप. बाकीच्या सगळ्या पाटलाच्या तुरीत शिरल्या होत्या आणि आता कोंडवाड्यात होत्या.

बुधवारी ती उभी राहिली.

"बाई, त्या मागं ठेवलेल्या नव्व्याण्णवांचं पुढं काय झालं?"

राहेलबाईंनी खरोखर पान उलटून पाहिलं. "ते लिहिलेलं नाही, गिरजामाय."

"लिहायला तोंड पाहिजे ना. तो मेंढपाळ बी कोंडवाड्याकडंच गेला असंल."

*

नाताळ झाला, आणि त्यानंतरच्या बुधवारी राहेलबाईंनी सांगितली ती गोष्ट ऐकताना सगळ्यांच्या माना आपोआप गिरजामायकडे वळल्या. एका नगरात एक न्यायाधीश होता. देवाला भीत नव्हता, माणसाची पर्वा करत नव्हता. एक विधवा त्याच्याकडे रोज जाऊन न्याय मागायची. शेवटी तिच्या कटकटीला कंटाळून त्यानं तिचं काम केलं.

"बघून काय राहिल्या?" गिरजामाय म्हणाली. "विधवा म्याच हाय. जाते."

शेळ्या सुंदराकडे सोपवून ती हिंगोलीला जाऊ लागली. कचेरीच्या दारात चपराशी आत सोडेना. ती बाहेर कडुलिंबाखाली बसायची. तहसीलदारसाहेब टांग्यातून उतरले की उठायची आणि एवढंच म्हणायची, "साहेब, आमच्या पाण्याचं काय झालं?" ते आत गेले की बसायची. बाहेर आले की उठायची, "साहेब, आमच्या पाण्याचं काय झालं?" चपराशानं हाकलली तर रस्त्याच्या पलीकडे बसायची, पण प्रश्न तिथूनही ऐकू जायचा.

एके दिवशी साहेबांनी निरोप धाडला की त्या म्हातारीला आत आणा, सोबत कोणी शिकलेलं असेल तर त्यालाही आणा. शिकलेली म्हणून मी गेले, दानीला कडेवर घेऊन.  साहेब वयस्कर, पांढरी दाढी, डोळ्यांवर चष्मा.

"अम्मा," ते म्हणाले, "तुम रोज क्यूं आते?"

"आमच्या पुस्तकात गोष्ट हाय म्हणून."

"कौनसी?"

मी तिला चिमटा काढला. म्हटलं आता ही गोष्ट सांगणार, आणि आम्ही दोघी लेकरासकट कैदेत जाणार. पण ती सुरू झाली होती. "एका गावात एक काजी होता. त्याला ना देवाचं भेव, ना माणसाची लाज."

कचेरीतल्या सगळ्या लेखण्या थांबल्या. साहेबांना मराठी चांगली समजत होती, हे त्यांच्या तोंडावरूनच कळत होतं.

"फिर?"

"मंग एक विधवा रोज जायची. म्हणायची, माझा न्याय कर."

"फिर उसने किया?"

"केला. मनातून न्हाई. रोजची तकलीफ नको म्हणून केला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दानीकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "अम्मा, वो काजी खुदा से नहीं डरता था. मैं डरता हूँ." आणि पेशकाराकडे वळून म्हणाले, "इनकी मिसल लाओ." मिसल म्हणजे आमच्या अर्जाचे कागद.

वस्तीशेजारच्या गायरानात विहिरीला जागा मंजूर झाली, खडक फोडायला सुरुंगाचं सामानही. मी आनंदानं रस्ताभर रडत होते. गिरजामाय मात्र खाली मान घालून पुढं चालत होती. वस्ती दिसू लागली तेव्हा म्हणाली, "आता बुधवारी काय सांगू? गोष्ट काही बराबर जमली न्हाई गं. माणूस चांगला निघाला."

*

विहीर आम्हीच खणली. गडी शेतातून आले की उतरायचे, बाया मातीच्या पाट्या वर ओढायच्या. आधी माती, मग मुरूम, मग काळा खडक. सुरुंग उडायचा तेव्हा मी दानीचे कान झाकून घरात कोपऱ्यात बसायची, आणि तो बाहेर जायला रडायचा. मार्च संपला. ओढा आटला. विहीर खोल गेली होती, पण तळाला नुसती ओल. गड्यांचे हात गळाले. खालून पहारीचा आवाज येईना. सुंदराचा नवरा योहान तेवढा अजून उतरायचा, तोही तोंड पाडून.

त्या बुधवारी राहेलबाईंना आमचे चेहरे बघूनच कळलं. त्यांनी गोष्ट सांगितली मासे धरणाऱ्यांची. रातभर जाळं टाकून एक मासा नाही. प्रभू म्हणाला, उजव्या बाजूला टाका. टाकलं, तर जाळं ओढवेना.

आम्ही सगळ्या तशाच उठून विहिरीवर गेलो. कोंडाबाईनं वाकून लेकाला हाक मारली, "योहान, उजवीकडं खण."

खालून आवाज आला, "कोणती उजवी?"

"उजवी म्हंजे उजवी."

"आई, विहीर गोल हाय. म्या जिकडं वळलो तिकडं उजवी."

काठावरचे गडी हसू लागले. एक म्हणाला गावाच्या तोंडानं धरा, एक म्हणाला पूर्वेकडं तोंड करा. मास्तर म्हणाले, होडीत बसल्यासारखं धरलं तर होडीचं तोंड कुठं ते आधी ठरवावं लागेल. असा वाद चालू असताना कोंडाबाईनं पायाशी पडलेलं खापर उचलून खाली टाकलं.

"वर बघ. माझ्याकडं तोंड कर. आईकडं तोंड करून जी उजवी, ती उजवी. चल, खण."

तो खणू लागला. तो दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी धुणं घेऊन निघाले होते तर विहिरीतून आरडाओरडा. खडकाला तडा गेला होता आणि त्यातून करंगळीएवढी धार. बघताबघता ती मनगटाएवढी झाली. योहानच्या पायाखाली पाणी, पोटऱ्यांना पाणी, गुडघ्याला पाणी. तो खालून ओरडत होता, "दोर टाका, दोर टाका." सगळी वस्ती काठावर नाचत होती. गिरजामायच्या शेळ्यासुद्धा धावत आल्या.

कोंडाबाई दोर सोडत म्हणाली, "आधी एक घागर भरून वर पाठव. तुला मागून काढू."

ती पहिली घागर तिनं माझ्या दारात आणून ठेवली. पाणी काचेसारखं होतं. सगळे म्हणाले, आता तरी घाबरू नका मास्तरीणबाई. मी घाबरले नाही. फक्त उकळून पाजलं.

*

आता शेवटचा किस्सा. हा राहेलबाईंना नंतर कळला, कारण त्या दिवशी मंगळवार होता आणि आठवड्याची गोष्ट आम्ही सगळ्यांनी वापरून संपवली होती.

मे महिना. भर दुपार. त्या वर्षी गावच्या विहिरीनं तळ गाठला होता. आमच्या विहिरीवर आम्ही चौघीच होतो, गिरजामाय, कोंडाबाई, सुंदरा आणि दानीला कडेवर घेतलेली मी. एवढ्या उन्हात कोणी येत नाही. पण गावाच्या बाजूनं एक बाई आली. डोक्यावरून पदर खाली ओढलेला, पदराआड घागर. जरा अलीकडे बाभळीपाशी थांबली. पदर सरकला तेव्हा आम्ही ओळखलं. पाटलांची धाकटी सून. ज्या घराच्या शब्दानं आम्हाला गावच्या पायऱ्या बंद होत्या, त्या घरची.

घागर पुढं घेऊन ती तिथंच उभी राहिली. 

कोंडाबाई आम्हाला ऐकू जाईल एवढंच पुटपुटली, "उभी ऱ्हाऊ दे. आमी कितीदा उभ्या ऱ्हायलो."

"घरात लेकरू हाय माझं," ती बाई बाभळीपासूनच म्हणाली. "सकाळपासून ओठ वाळून राहिले त्याचे."

माझ्या कडेवरचा दानी अचानक जड झाला.

सुंदरानं सवयीनं पोहरा उचलला. म्हणाली, "घागर तिथं खाली ठेवा, बाई. म्या वरून ओतते, तुमाला शिवणार न्हाई."

"थांब," गिरजामाय म्हणाली. "ह्या विहिरीवर वरून ओतायची पद्धत न्हाई. ज्याला पाहिजे त्यानं वर यावं अन् आपल्या हातानं ओढावं."

पाटलांच्या सुनेनं मागं वळून गावाच्या वाटेकडे पाहिलं. वाट रिकामी होती. तरी कितीतरी वेळ ती तिकडे बघत राहिली. मग तिनं निऱ्या खोचल्या आणि काठावर चढून आली. गिरजामायनं दोर तिच्या हातात दिला. घरी गडीमाणसं असणारी ती, पोहरा तिला नीट ओढता येईना, हिसके बसून अर्धं पाणी सांडलं. कोणी हसलं नाही. घागर भरली. भरलेली घागर डोक्यावर घ्यायला दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो. तो कोंडाबाईनं दिला.

ती निघाली. बाभळीपर्यंत गेली असेल, तोच गिरजामायनं मागून हाक दिली.

"अगं ए सूनबाई, एकटीच काहून आलीस? जाऊन सांग गावात. तुझ्या आळीत सांग, वरच्या आळीत सांग, ज्याचं लेकरू तहानलेलं हाय त्याला आधी सांग. पाणी हाय म्हणाव. या म्हणाव."